पागोळ्या, पन्हळी आणि भिंतीची ओल : सुरुवात कुठून करावी?

ओसरी
आमचं घर बैठं आहे. उतरतं छप्पर, कडेला पन्हळी, आणि मागच्या अंगाला एक छोटी सपाट गच्ची. पाऊस लागला की मागच्या खोलीची बाहेरची भिंत खालून ओली व्हायला लागते. गुडघ्याच्या जरा वरपर्यंत रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात. पाऊस सरून भिंत सुकली की तिथे पांढरी भुकटी दिसते, बोट फिरवलं की बोटाला लागते. त्याच खोलीत छताच्या कोपऱ्यात, गच्चीच्या कठड्याखाली, एक तपकिरी डाग आहे. मोठी सर येऊन गेली की तो गडद होतो.

दोन जाणकारांना दाखवलं. एकाचं म्हणणं, भिंतीच्या तळाला ओळीने भोकं पाडून रसायन भरा, खालून चढणारी ओल कायमची थांबेल. दुसऱ्याचं म्हणणं, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून वर जलरोधक रंग द्या. दोघांपैकी एकही जण छपरावर चढला नाही, पन्हळीकडे मान वर करून बघितलंही नाही, हे मला फार खटकलं.

मला असं वाटतं की पाणी घरापर्यंत येतंय कसं हे कळल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. पण घरात सगळ्यांना घाई झाली आहे. ज्यांनी हे सगळं निस्तरलंय त्यांनी सांगा, तपासणी नेमकी कुठून सुरू करायची?

कौलारू
भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक सावकाश फेरी मारा. कोरड्या दिवशी कितीही निरखून पाहिलं तरी यातलं निम्मं दिसत नाही.

पन्हळीच्या पुढच्या ओठावरून पाणी सांडतंय का? की मागच्या बाजूने, पन्हळ आणि भिंत यांच्या फटीतून ओघळतंय? जोडावर ठिबकतंय का? पाइपमधून खाली येणारं पाणी नेमकं कुठे पडतंय आणि पडल्यावर कुठल्या दिशेने वाहतंय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने परत एक फेरी मारा आणि भिंतीलगत डबकं कुठे राहिलंय ते पाहून ठेवा. मोबाइलवर चित्रण केलंत तर इथेही टाका.

निवांत
+१. आणि तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं.

गणिती
थोडा हिशेब मांडतो, कारण छपरावरून किती पाणी उतरतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. छप्पर वरून पाहिल्यावर जेवढी जमीन झाकतं तेवढं क्षेत्रफळ धरायचं, उताराची लांबी नाही. समजा ते १०० चौरस मीटर आहे आणि दिवसभरात ५० मिमी पाऊस झाला. ५,००० लिटर झाले. अर्धं छप्पर एकाच पाइपात उतरत असेल आणि तो पाइप जोत्याच्या पायथ्याशी संपत असेल, तर त्या एका कोपऱ्यात आपण दिवसभरात २,५०० लिटर पाणी स्वतःच्या हाताने ओततोय.

पन्हळीचा आकार ठरवताना मात्र दिवसाचा पाऊस उपयोगाचा नाही, जोराच्या सरीचा वेग धरावा लागतो. ताशी १०० मिमी वेगाने कोसळणाऱ्या सरीत याच छपरावरून तासाला १०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी येतं. सर दहाच मिनिटं टिकली तरी त्या दहा मिनिटांत पन्हळ तुंबून सांडली की भिंत भिजलीच.

स्थापत्य
ओसरीताई, तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न आहेत. कृपा करून ते एकत्र करू नका. खालची ओल आणि छताच्या कोपऱ्यातला डाग, दोघांचा उगम बहुधा निरनिराळा आहे.

आधी खालचं. पांढरी भुकटी म्हणजे क्षार, ज्याला आपण लोणा म्हणतो. भिंतीतून पाणी बाहेर येऊन वाळतं तेव्हा त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर उरतात. म्हणजे तिथे पाणी नुसतं साचत नाही, ते भिंतीतून सतत प्रवास करतंय. ते येतं कुठून, याच्या मला तीन शक्यता दिसतात. पहिली, पागोळ्यांचं किंवा पाइपचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडतं. दुसरी, भिंतीलगतची जमीन घराकडे उतरती आहे आणि पाणी पायाशी मुरतं. तिसरी, भिंतीत ओलरोधक थर, म्हणजे डीपीसी, नाही. किंवा आहे, पण बाहेरची माती त्याच्या वर गेलीय. हा तिसरा प्रकार फार आढळतो. डीपीसी बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावा अशी अपेक्षा असते. घर बांधताना तसं असतंही. मग कुणी अंगणात फरशी बसवतं, कुणी फुलझाडांचा वाफा करतं, कुणी भर टाकतं, आणि हळूहळू माती त्या थरावर चढते. मग ओलीला थर ओलांडावाच लागत नाही, ती त्याला वळसा घालून जाते.

भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरलेली असावी, घराच्या उलट दिशेला. दोरी आणि लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन कुणालाही मोजता येईल.

आता छताचा डाग. कठडा आणि गच्चीची जमीन जिथे मिळतात तो कोपरा आधी पाहा. तिथे सिमेंटचा गोलाईदार वाटा असायला हवा, आणि जलरोधक थर त्या वाट्यावरून कठड्यावर निदान वीतभर चढलेला हवा. गच्ची उन्हात तापते, रात्री निवते. कठडा आणि स्लॅब सारख्या मापाने हलत नाहीत. वाट्यावर केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरायला पुरते. उतरत्या छपरालाही हेच लागू आहे. सपाट पृष्ठभागापेक्षा सांधे जास्त गळतात. छप्पर भिंतीला मिळतं तिथली, धुराड्याभोवतीची, दोन उतारांच्या मधल्या पन्हाळीतली पत्र्याची पट्टी आधी तपासा.

जुनाजाणता
स्थापत्य यांच्याशी बराचसा सहमत आहे, पण एक गोष्ट मांडतो. हल्ली प्रत्येक ओलीचं खापर पन्हळीवर फोडायची पद्धत पडलीय. खालून चढणारी ओल ही कल्पित गोष्ट नाही. वीट, मऊ दगड, चुन्याने भरलेले सांधे, सगळ्यांत बारीक छिद्रं असतात. वात जशी तेल ओढते तशी भिंत जमिनीतलं पाणी ओढते. छिद्रं जितकी बारीक तितकं पाणी वर. प्रत्यक्षात बाष्पीभवनामुळे ते साधारण मीटरभर, फार तर दीड मीटरपर्यंत चढून थांबतं. ज्या जुन्या घरांत डीपीसी मुळातच नाही तिथे पन्हळी सोन्याच्या बसवल्या तरी ही ओल जाणार नाही. ताईंच्या वर्णनातली उंची नेमकी या पट्ट्यात बसते. म्हणून रसायन भरण्याचा सल्ला एकदम मोडीत काढू नये.

स्थापत्य
@जुनाजाणता, चढती ओल असते, याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. भिंतीच्या पायाशी दर पावसाळ्यात हजारो लिटर पाणी ओतलं जात असेल, तर आधी ते थांबवायचं. मग उरलेली ओल किती आणि कुठे हे पाहून ठरवायचं.

शिवाय ओलीच्या वागण्यावरूनही बरंच कळतं. जमिनीतून चढणारी ओल सहसा लांबच्या लांब पट्ट्यात, जवळजवळ एकाच उंचीवर दिसते, आतल्या भिंतींनाही लागते आणि पाऊस सरल्यावर लगेच मागे हटत नाही. छपराच्या पाण्याची ओल पावसाबरोबर चढते-उतरते आणि बाहेरच्या एखाद्याच भिंतीला, बहुतेकदा पाइप किंवा सांडणाऱ्या जोडाच्या आसपास, जास्त दिसते. ताईंनी "पाऊस लागला की" असं लिहिलंय, म्हणून माझा कल इकडे आहे.

दोन खिळ्यांच्या ओलमापक यंत्रावर मात्र विसंबू नका. ते विजेचा रोध मोजतं. भिंतीत क्षार असले की रोध कमी होतो आणि यंत्र भिंत आहे त्याहून ओली दाखवतं. लाकडासाठी ते चांगलं आहे, लोणा लागलेल्या भिंतीवर त्याच्या आकड्यावरून मोठा खर्च ठरवणं धोक्याचं.

जुनाजाणता
यंत्राबद्दलचा मुद्दा मान्य. आतल्या भिंतींचाही. ओसरीताई, तुमच्या आतल्या आडव्या भिंती कोरड्या आहेत का, ते सांगा.

मीरा_क
चौथी शक्यता कुणी घेतलीच नाही! हवेतली वाफ. आमच्याकडे कपाटामागे काळी बुरशी यायची आणि सगळे छतावर संशय घेत होते. गळती कुठेच नव्हती. बाहेरच्या थंड भिंतीला कपाट चिकटून उभं होतं, मागे हवा खेळत नव्हती आणि ओले कपडे त्याच खोलीत वाळत होते.

२५ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू १७ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे भिंतीचा एखादा कोपरा त्याहून गार झाला की तिथे पाणी धरणार. थंडीत खिडकीच्या काचेला घाम येतो, तेच.

यासाठी सोपी चाचणी आहे. भिंतीचा तो भाग फडक्याने कोरडा करा. हातभर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या अंगाला दव असेल तर हवेतली वाफ. मागच्या, भिंतीकडच्या अंगाला असेल तर पाणी भिंतीतून येतंय. फुगलेला रंग आधी खरवडून घ्या, नाहीतर पट्टी चिकटत नाही.

निवांत
मीराताई, ही चाचणी आजच करतो. आमच्या छतावर सिंहासारखा दिसणारा डाग आहे. दरवर्षी त्याची आयाळ वाढते म्हणून मुलं खूश असतात आणि आम्ही काळजीत.

मीरा_क
सिंह पोटात पोकळ किंवा मऊ लागत असेल तर चाचणीबिचणी नंतर, आधी त्याच्या खालून पलंग हलवा. भिजलेलं प्लास्टर न सांगता पडतं.

इतिहासवेडा
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातल्या व्हाइट टॉवरला सफेदी केली तेव्हा राजा तिसऱ्या हेन्रीने १२४० साली हुकूम दिला होता की शिशाच्या पन्हळींचे नळ जमिनीपर्यंत खाली न्यावेत, म्हणजे पावसाच्या ओघळांनी नवी सफेदी खराब होणार नाही. त्याआधी रिवाज होता पाणी छपरावरूनच लांब फेकून द्यायचा. युरोपातल्या मोठ्या चर्चवर जे विचित्र चेहऱ्यांचे दगडी प्राणी, गार्गॉइल, भिंतीबाहेर मान काढून बसलेले दिसतात, त्यांचं काम तेच. तोंडातून पाणी भिंतीपासून दूर टाकायचं.

पाणी लांब फेकण्यात एक तोटा होता. वारा ते परत भिंतीवर आणायचा, आणि खाली जिथे पडेल तिथली जमीन खणली जायची. नळाने ते बंद झालं, पण नळ तुंबायला लागले. आठशे वर्षं आपण त्याच दोन अडचणींशी झगडतोय.

कौलारू
सुंदर माहिती. साध्या घरांत गार्गॉइलचं काम रुंद पागोळी करते. छप्पर भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेलं असेल तर भिंतीचा वरचा बराच भाग तिरक्या पावसातही वाचतो. हल्ली देखणेपणासाठी छप्पर भिंतीबरोबर कापतात, छज्जे काढतच नाहीत, आणि मग भिंत भिजते म्हणून महागडा रंग शोधत बसतात. याचा मला खरोखर राग येतो.

रानवारा
पन्हळीबद्दल विचारायचंय. आमच्या घरावर मोठं झाड आहे, पानं पडून पन्हळ सारखी भरते. वर जाळी बसवावी का?

कौलारू
जाळीने मोठी पानं अडतात. मोहोर, बारीक काड्या, छपराची माती आत जातेच, आणि तिचा चिखल झाला की जाळी काढून साफ करणं दुप्पट कष्टाचं. जाळी बसवा, पण साफसफाईतून सुटका होईल असं धरू नका. पावसाळ्याआधी एकदा, पानगळ संपल्यावर एकदा, आणि मधे पहिल्या मोठ्या सरीनंतर नुसतं डोकावणं. शिडीवर एकट्याने चढू नका, खाली कुणीतरी धरायला हवं. शिडी पन्हळीला टेकवू नका, भिंतीला टेकवा. पन्हळ वाकते आणि शिडी घसरते.

साफ केल्यावर पाइपाच्या विरुद्ध टोकाला बादलीभर पाणी ओता. ते मध्येच थांबत असेल तर पन्हळीला पोट आलंय. दर दहा फुटांना निदान पाव इंच उतार हवा आणि आधाराच्या पट्ट्या दोन-तीन फुटांवर हव्यात. पट्टी निसटली की पन्हळ ओल्या पानांच्या वजनाने तिथेच खचते, पाणी तिथेच साठतं, डास होतात आणि गंजही तिथूनच लागतो. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. छपराची शेवटची कड पन्हळीच्या आत आलेली हवी. ती आखूड असेल तर पाणी कडेला चिकटून मागे वळतं आणि वाशांवर, मग भिंतीवर उतरतं. तिथे वाकवलेल्या पत्र्याची पट्टी सरकवली की काम होतं.

हिमरेषा
मी बर्फाच्या प्रदेशात राहते. इथे पन्हळ स्वच्छ असूनही घरं गळतात. घरातली ऊब माळ्यात जाते, छपराचा वरचा भाग गरम होतो, त्यावरचा बर्फ वितळून पाणी खाली येतं. पण पागोळीचा भाग भिंतीच्या बाहेर असल्यामुळे थंडच असतो, तिथे ते परत गोठतं. बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे साठलेलं पाणी छपराच्या तुकड्यांखालून उलटं वर चढून आत येतं. लोक कुदळीने बांध फोडायला जातात आणि छप्परच फोडून बसतात. खरा इलाज माळ्यात आहे. दिव्यांच्या, नळांच्या भोकांतून वर जाणारी गरम हवा अडवायची, माळ्याच्या तळाला उष्णतारोधक थर जाड करायचा आणि छपराखालून हवा खेळती ठेवायची. छप्पर सगळीकडे सारखं थंड राहिलं की बांध होत नाही.

गच्चीवाला
सपाट गच्चीवर कुणीतरी लिहायला हवं.

सपाट गच्ची सपाट नसतेच, नसावीच. दर मीटरला निदान १ सेंटिमीटर उतार पाणी उतरायच्या तोंडाकडे हवा, आणि ते तोंड आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली. आमच्या इमारतीत नवीन फरशी बसवताना तोंडाभोवती खोलगट जागा ठेवली नाही. फरशीच्या जाडीने तोंडच वर राहिलं आणि प्रत्येक पावसानंतर त्याभोवती पाणी थांबायला लागलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तो त्रास सोसला.

दुसरं, कठडा असलेल्या प्रत्येक गच्चीला जादा पाणी जायला कठड्यात वेगळं भोक हवं, मुख्य तोंडापेक्षा थोडं वर. मुख्य तोंड एका प्लास्टिकच्या पिशवीने बुजतं. मग गच्चीचा हौद होतो. पाण्याचं वजन विसरू नका. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. २० चौरस मीटरच्या छोट्या गच्चीवर एक टन. त्या भोकातून पाणी पडताना दिसलं की समजायचं, खालचं तोंड तुंबलंय.

गच्चीची चाचणीही होते. तोंड बंद करून एक-दोन इंच पाणी साठवतात, एक-दोन दिवस ठेवतात आणि खालून पाहतात. जुनी किंवा आधीच भेगाळलेली स्लॅब असेल तर मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय पाणी साठवू नका. आणि डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असतं असं समजू नका. पाणी थरांमधून, सळ्यांच्या कडेने, वायरींच्या नळ्यांतून लांब जाऊन उतरतं. गच्चीच्या एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाच्या पंख्याच्या हुकाशी ठिबकताना मी पाहिलंय.

पागोळी
छज्जाच्या खालच्या अंगाला कडेलगत एक खाच असते, ती असूनही कुणाला दिसत नाही. पाणी छज्जाच्या तळाला चिकटून भिंतीकडे सरकतं, खाच आली की ते पुढे जाऊ शकत नाही, थेंब होऊन खाली पडतं. प्लास्टर दुरुस्त करताना गवंडी ती खाच बुजवून गुळगुळीत करून देतो आणि आपणही काम छान झालं म्हणून बघतो. पुढच्या पावसात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ येतात. खाच परत मारून घ्या. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे असू द्या, बाहेर नको.

चुनखडी
मला त्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल बोलायचंय, आतून जलरोधक प्लास्टर आणि रंग. जमिनीखालच्या खोलीत, जिथे बाहेरून काम करताच येत नाही, तिथे तो नाइलाज आहे. पण जमिनीवरच्या भिंतीत पाणी बाहेरून येतच असेल आणि आपण आतून झाकण घातलं, तर ते जाणार कुठे? आणखी वर चढतं. किंवा थराच्या मागे क्षारांचे स्फटिक धरतात. स्फटिक वाढताना जो दाब येतो त्याने विटेचा पृष्ठभागच भुगा होऊन सुटतो. रंग एक-दोन वर्षं छान दिसतो, मग प्लास्टरचा मोठा ढलपा विटेसकट येतो.

जुन्या चुन्याच्या भिंती ओल धरतात आणि सोडतात. त्यांना सिमेंटच्या घट्ट कवचात कोंडलं की त्यांचं सुकणं थांबतं. अशा भिंतींना चुन्याचंच प्लास्टर आणि वाफ जाऊ देणारा रंग द्या.

काँक्रीटमध्ये ओल टिकली तर धोका आणखी मोठा आहे, कारण आत सळ्या आहेत. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. तो आतून रेटतो, काँक्रीट सळीच्या रेषेत तडकतं, मग त्या तड्यातून आणखी पाणी. छज्जाखाली सरळ रेषेत तडा आणि तांबूस डाग दिसला तर तो रंगाचा प्रश्न राहिलेला नाही.

निवांत
फॉइलची चाचणी केली. दव भिंतीच्या बाजूला आहे. म्हणजे सिंह खरोखर वरून पाणी पितोय. गच्चीवाला, तुमच्या सांगण्याप्रमाणे वर तोंडाजवळ बघितलं, एक कुंडी बरोबर त्यावर ठेवलेली होती.

गच्चीवाला
कुंड्या विटांवर उचलून ठेवा, तोंडापासून लांब. खालून पाणी वाहिलंही पाहिजे आणि झाडूही गेला पाहिजे. मोठ्या झाडाची मुळं जलरोधक थरात शिरतात, त्यामुळे पिंपळ-वडाचं रोप कठड्याच्या फटीत दिसलं तर बोटाएवढं असतानाच काढा.

रानवारा
पाइपचं पाणी लांब न्यायचं म्हणता, पण किती लांब आणि कुठे? आमच्याकडे शोषखड्डा करायचा विचार आहे.

स्थापत्य
पाइपाच्या तोंडाला निदान चार-सहा फूट लांबी जोडा आणि पुढे जमिनीचा उतार घराबाहेर असू द्या. शोषखड्डा घराच्या पायापासून ५ मीटर तरी दूर असावा, आणि शेजाऱ्याच्या पायापासूनही तेवढाच. खड्डा खणून त्यात पाणी ओतून पाहा. ते तासन्‌तास हलत नसेल तर जमीन चिकणमातीची आहे, तिथे शोषखड्डा फक्त डबकं होतो.

चिकणमातीत आणखी जपायला हवं. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. घराचा एकच कोपरा पाइपच्या पाण्याने दरवर्षी भिजत राहिला तर तो कोपरा वर-खाली होतो, बाकीचं घर होत नाही. दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात.

पाणी साठवणार असाल तर उत्तमच, पण टाकी भरून वाहिल्यावर जादा पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. टाकीचा सांडपाइप जोत्याशी सोडलेला मी खूप ठिकाणी पाहतो. पावसाच्या जोरात टाकी लवकर भरते आणि उरलेलं सगळं पाणी परत भिंतीच्या पायाशी.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चांगला पाऊस झाला, कौलारूंनी सांगितलं तशी फेरी मारली. एवढं दिसलं :

मागच्या पन्हळीला मधोमध पोट आहे, पाणी तिथून ओठावरून सांडतं. ते सरळ खालच्या वाफ्यात पडतं. वाफ्याची माती भिंतीला लागूनच आहे आणि जोत्याची कडा तिच्यात पूर्ण बुडाली आहे. पाइपचं कोपर वाफ्याच्या शेवटी, भिंतीपासून एक हातावर संपतं. आतल्या आडव्या भिंती कोरड्या आहेत. फॉइलमागे भिंतीच्या बाजूला पाणी धरलं. गच्चीवर वाट्याला लांब चीर आहे, काडी टाकली तर आत जाते.

आता कामाचा क्रम कसा ठेवू? आणि आतला रंग लगेच करून घेऊ का? घरी पाहुणे यायचे आहेत.

जुनाजाणता
आतल्या भिंती कोरड्या असतील तर रसायनाचा आग्रह मी धरणार नाही. निदान आत्ता नाही. पुढचा संपूर्ण पावसाळा जाऊ द्या, तरीही त्याच उंचीवर ओल राहिली तर मग डीपीसीकडे वळा.

स्थापत्य
ताई, सगळ्यात आधी वाफा. त्यात खर्च नाही, फावडं लागेल. जोत्याची कडा उघडी करा, माती निदान वीतभर खाली न्या आणि भिंतीलगत दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा ठेवा. थेंब खडीवर फुटतात, माती भिंतीवर उडत नाही. खडीच्या खालची जमीन मात्र उतरती करून घ्या, नाहीतर खडीखाली तळं होईल. झाडं पट्ट्याच्या पलीकडे लावा.

मग पन्हळीचं पोट आणि पाइपची लांबी, हे दोन्ही पावसाच्या उघडिपीत एका दिवसात होईल. गच्चीची चीर उघडून, रुंद करून, नीट साफ करून भरावी लागेल आणि वाट्यावर जलरोधक थर नव्याने द्यावा लागेल. ते कोरड्या हवामानातच करा. तोपर्यंत चिरेवर तात्पुरती जलरोधक पट्टी चिकटवा. नुसतं वरून सिमेंट लिंपू देऊ नका, ते पहिल्या उन्हात सुटतं.

रंग आत्ता अजिबात नको. विटेची भिंत सुकायला तिच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात. नऊ इंची भिंत असेल तर बघा किती थांबावं लागेल. पोपडे आलेलं प्लास्टर मात्र आत्ताच उतरवून टाका, भिंत लवकर सुकेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर फेका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

मीरा_क
पाहुण्यांसाठी भिंतीपुढे पडदा सोडा, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे मागून हवा जाईल. कपाट किंवा सोफा लावून झाकू नका. आणि लोणा झाडताना नाकाला फडकं बांधा.

ओसरी
वाफा उद्यापासूनच उकरायला घेते. मोगरा काढावा लागेल, त्याचं वाईट वाटतंय.

पागोळी
मोगरा मुळाच्या गोळ्यासकट काढा आणि पाइप जिथे नेऊन सोडणार आहात त्याच्या थोडा बाजूला, उंचवट्यावर लावा. मुळाशी पाणी साचलं तर त्याला सोसत नाही.

रानवारा
माझा एक प्रश्न राहिलाच. शेजारच्या छपराची पागोळी आमच्या भिंतीवर पडते. आमच्या बाजूला पन्हळ लावायला जागाच नाही. काय करावं?

कौलारू
पन्हळ त्यांच्या छपराच्या कडेला लागायला हवी, तुमच्या भिंतीला नाही. त्यांना पावसात तुमच्याकडे बोलवा आणि उभं राहून दाखवा. ते पाणी त्यांच्याही पायाशी मुरतंय, हे त्यांना तिथेच दिसेल. दोन घरांमधली बोळ किती रुंद आहे? माप आणि एक फोटो टाका, मग खाली नाली काढता येईल का ते सांगतो.